चष्मेवालीचे मालक

कागारी कंपनीच्या गाड्या विकणाऱ्या त्या ऑफिसात तिला सगळे पत्रबाई म्हणत. खालच्या मजल्यावर काचेचं शोरूम, मागे वर्कशॉप, आणि वरच्या मजल्यावर जिना संपतो तिथे तिचं टेबल. गाडीच्या मालकांची जी पत्रं येत, ती वाचायची, त्यांना उत्तर लिहायचं, खाली साहेबांची सही घ्यायची आणि पाकीट बंद करायचं. सत्तावीस वर्षं तिने हे काम केलं. गंमत अशी की तिला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. घरून ऑफिसात ती बसने यायची आणि बसनेच जायची. डोंगरात इंजिन तापतं का, लांबच्या प्रवासाला निघण्याआधी काय तपासायचं, हे ती हजारो लोकांना बिनचूक सांगत आली होती. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं ती स्वतःच म्हणायची आणि वर्कशॉपमधला म्हातारा मिस्त्री त्यावर दरवेळी नव्याने हसायचा.

तिची आई सहा वर्षांपूर्वी गेली. थोरली बहीण परदेशात, रविवारी सकाळी फोन करायची आणि दहाव्या मिनिटाला तिच्या घरात कोणीतरी तिला हाक मारायचं. लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. दोन खोल्यांच्या घरात परतल्यावर ती आधी रेडिओ लावायची, मग चपला काढायची. घरात कोणाचातरी आवाज असावा, एवढंच.

आता पत्रंही आटली होती. लोक मोबाइलवरून तक्रार टाकत आणि त्याचं उत्तर कुठल्यातरी दुसऱ्याच शहरातून जाई. आठवड्याला दोन-चार पाकिटं आली तर आली. तिच्या निवृत्तीला तीन महिने उरले तेव्हा साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. हे सातवे साहेब. वयाने तिच्या भाच्याएवढे, पण वागायला सरळ.

"बाई, कंपनीला आता ऐंशी वर्षं होतायत आणि आपल्याकडे गाडी आली त्याला चाळीस. एक छोटं पुस्तक काढायचं आहे. पुढच्या भागात कंपनीचा इतिहास, मागच्या भागात मालकांचे अनुभव. तुमच्याइतकं हे कोणाला माहीत आहे?"

"आणि त्यानंतर माझं टेबल?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. "टेबल बंद होणार आहे. तुमच्यासोबतच."

ती बरं म्हणाली आणि जागेवर येऊन बसली.

इतिहासाचा भाग तिने दोन दिवसांत लिहिला, कारण तो तिला तोंडपाठ होता. कागारी हा मुळात छत्रीच्या काड्या करणारा कारखाना. जपानमधल्या एका लहान गावात सतराजण पत्र्याच्या छपराखाली पोलादी तारा वाकवत बसायचे. पुढे लोकांना छत्रीपेक्षा सायकल हवीशी झाली, तेव्हा त्याच तारांचे आरे झाले. मग मालवाहू तीनचाकी. आणि मग कारखान्याच्या धन्याला वाटलं की चार माणसं कोरडी राहून प्रवास करतील अशी छत्री करावी, आणि त्याने मोटार केली. निदान कंपनी तरी असंच सांगायची. पहिल्या गाडीचं नाव मेजिरो. मेजिरो म्हणजे डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला तो इवलासा पक्षी, आपण ज्याला चष्मेवाला म्हणतो. गाडीच्या गोल दिव्यांना तशीच पांढरी कडी होती. त्यामुळे इकडे आल्याबरोबर लोकांनी तिचं जपानी नाव बाजूला ठेवलं आणि तिला चष्मेवाली करून टाकलं. हळू चालायची, चढावर धापा टाकायची, पण रस्त्यात सोडून द्यायची नाही.

अनुभवांच्या भागासाठी तिने खोकी उघडली. एका सुईणीच्या गाडीत मागच्या सीटवर तीन बाळं जन्मली होती आणि तिघांच्याही आयांनी सीट कव्हरबद्दल माफी मागितली होती. एका शिंप्याने गाडीत शिवणयंत्र बसवून गावोगाव धंदा केला होता. एका नवराबायकोचा अबोला गाडीच्या एकाच किल्लीमुळे सुटला होता. पण पहिल्या पानावर कोणाचं पत्र घ्यायचं, याचा तिला विचारच करावा लागला नाही.

ते होते मोजणीदार. जमिनीची मोजणी करण्यात सगळी नोकरी गेलेले. चौतीस वर्षांपूर्वी त्यांनी चष्मेवाली घेतली आणि पत्रबाई कामाला लागली त्याच्या पुढच्याच वर्षापासून ते दरवर्षी गाडी घेतल्याच्या तारखेला पत्र लिहीत आले. सव्वीस पत्रं. त्यात तक्रार कधीच नसे. 'आमच्या फाटकापासून तळ्यापर्यंत चार किलोमीटर तीनशे मीटर, आणि चष्मेवाली ते अंतर मी कितीही घाई केली तरी नऊ मिनिटांतच कापते. ही तिची मर्जी आहे, माझी नाही,' असं काहीतरी. बारा वर्षांपूर्वीच्या पत्रात एकच ओळ जास्तीची होती: 'यंदा डावीकडची सीट रिकामी असते.' त्या वर्षी पत्रबाईने उत्तर चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलं होतं. त्यानंतर त्यांची पत्रं लांबत गेली आणि अक्षर दरवर्षी थोडं थोडं मोठं होत गेलं. शेवटच्या पत्रात तर एका ओळीत चारच शब्द मावले होते.

तिने त्यांना फोन लावला. पुस्तकात पत्र छापायचं म्हटल्यावर ते खूश झाले. मग तिने गाडीसोबतच्या फोटोचं विचारलं.

"गाडी रंगायला दिली आहे," ते म्हणाले.

पंधरा दिवसांनी तिने पुन्हा विचारलं, तर गाडी पुतण्याने नेली होती. तिसऱ्या वेळी त्यांनी फोन उचलून "मी घरी नाही" असं सांगितलं. पत्रबाई फोन ठेवून हसली, मग तिचं हसू ओसरलं. त्या शनिवारी दोन बस बदलून ती त्यांच्या घरी गेली.

शहराबाहेरच्या एका शांत गल्लीत शेवटचं घर होतं. बाजूला गाडीपुरतं गॅरेज, शटर अर्धं वर. आत दोरीवर दोन शर्ट आणि एक टॉवेल वाळत होता. जमिनीवर तेलाचे जुने डाग होते, आणि त्या डागांच्या बरोबर मध्ये एक लाकडी खुर्ची. खुर्चीत बसलेल्या उंच, वाळक्या म्हाताऱ्याने मान जराशी तिरकी करून तिच्याकडे पाहिलं. सरळ पाहिलं की त्यांना मधोमध काळा ठिपका दिसायचा, कडेकडेचं तेवढं दिसायचं, हे तिला नंतर कळलं.

"कोण?"

"कागारीच्या ऑफिसातून आले आहे. पुस्तकाच्या कामासाठी."

ते उठले नाहीत. बराच वेळ दोरीवरच्या शर्टाची बाही चाचपत राहिले.

"म्हणजे पकडला गेलो," ते म्हणाले. "नऊ वर्षं झाली विकून. डॉक्टरांनी सांगितलं, तुम्ही एखाद्याला चिरडाल. त्याच आठवड्यात विकली. घेणारा कोण होता तेही धड विचारलं नाही. विचारलं असतं तर दिली नसती."

पत्रबाईला बसायला दुसरी खुर्ची नव्हती. ती शटरला टेकून उभी राहिली. तिला राग आला होता, आणि तो कशाचा आहे ते नीट कळत नव्हतं. "पण गेल्या वर्षी तुम्ही घाटातल्या धुक्याबद्दल लिहिलंत. तीन पानं."

"तो घाट मी चढलोच आहे की. तीस वर्षांपूर्वी. घाट काही वाहून गेलेला नाही."

"आणि त्याच्या आदल्या वर्षी वायपर बदलल्याचं?"

"तेही बदलले होते. कधीतरी." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "गाडी विकली असं कळवलं असतं तर तुमचं पत्र आलं असतं का?"

याला तिच्याकडे उत्तर होतं आणि ते तिला नको होतं. गाडी विकलेल्या मालकाचं नाव यादीतून काढायचं, हा नियम होता. असली शेकडो नावं तिने स्वतःच्या हाताने खोडली होती.

"तुमच्या साहेबांना राग येईल," ते म्हणाले. "सांगा त्यांना, म्हाताऱ्याने सवयीने लिहिलं."

"साहेबांना काहीच माहीत नाही. ती पत्रं त्यांनी कधी वाचली नाहीत. उत्तरं मी लिहायचे."

"ते मला माहीत होतं."

"कसं?"

"बाई, मी आयुष्यभर एकाच शेताची हद्द चारजणांच्या तोंडून ऐकली आहे. खरं कोण बोलतंय ते कळतं. सात साहेबांच्या सह्या आल्या, सातही वेगळ्या. पण 'तूर्तास' हा शब्द सातही साहेबांचा इतका लाडका कसा असेल? तूर्तास तेल बदला, तूर्तास काळजी नसावी, तूर्तास थंडीत लांब जाऊ नका. बायको गेली त्या वर्षी तुम्ही लिहिलंत, 'तूर्तास डावीकडच्या सीटवर पाण्याची बाटली ठेवा, वळणावर हात तिकडे जातो.' असं साहेब लिहीत नाहीत."

पत्रबाईने पदराने नव्हे, बसच्या तिकिटानेच डोळे टिपले, कारण हातात तेच होतं. सत्तावीस वर्षांत ती पत्रं कोण लिहितं, हे तिला कोणी विचारलं नव्हतं. मग त्यांनी आत जाऊन चहा केला. दूध कपाच्या बाहेरच जास्त सांडलं. तिने मदतीला हात पुढे केला नाही आणि ते त्यांना आवडलं असावं.

सोमवारी तिने पहिलं पान नव्याने लिहिलं. गाडी विकल्यानंतरही नऊ वर्षं तिच्याबद्दल लिहीत राहिलेल्या मालकाची हकीकत, जशी घडली तशी. साहेबांनी ती उभ्या उभ्या वाचायला घेतली आणि वाचता वाचता ते बसले.

"छान आहे," ते म्हणाले. "खरंच छान आहे, बाई. पण गाडी नसलेला मालक मी पहिल्या पानावर कसा छापू? लोकांनी आपली गाडी घ्यावी म्हणून पुस्तक काढतोय आपण."

"मग मागच्या पानावर घ्या."

"मागच्या पानावर नवीन इलेक्ट्रिक मॉडेल आहे."

ती वाद घालणाऱ्यांतली नव्हती. पुस्तक निघालं, गुळगुळीत कागदावर, पहिल्या पानावर सुईण. पत्रबाईचा निरोप समारंभ शोरूममध्येच झाला. एक नवीकोरी गाडी जरा सरकवून केक ठेवला होता, आणि गिऱ्हाईक आल्यामुळे दोघे सेल्समन भाषण सुरू असतानाच तिकडे गेले. पत्रांची खोकी रद्दीत जाणार होती. त्यातली सव्वीस पत्रं तिने मागून घेतली. साहेबांनी कुठली म्हणून विचारलंही नाही.

निवृत्तीनंतरचे पहिले पंधरा दिवस तिने कपाटं आवरली. सोळाव्या दिवशी कपाटं संपली. त्या दिवशी कागद समोर घेऊन ती मोजणीदारांना पत्र लिहायला बसली आणि तिला सुरुवातच करता येईना. वर कंपनीचा शिक्का नाही, खाली साहेबांची सही नाही, आणि 'आपले पत्र मिळाले' असं म्हणायला पत्रही मिळालेलं नाही. दिवसभरात दोनच ओळी झाल्या. शेवटी कागद तसाच ठेवून ती ऑफिसच्या मागच्या दाराने वर्कशॉपमध्ये मिस्त्रीकडे गेली आणि गाडीचा नंबर सांगून विचारलं, ही कुठे आहे ते कळेल का?

मिस्त्रीला वही बघावी लागली नाही. "ती चष्मेवाली? जिवंत आहे की. नदीपलीकडच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आहे. वर्षातून एकदा माझ्याकडे येते. शिकाऊ लोक रोज गिअर कुरकुरवतात, पण तिला मरायला काही सवड मिळत नाही."

पुढच्या बुधवारी पत्रबाई आणि मोजणीदार रिक्षाने तिथे गेले. मैदानात दगडांनी आखलेले रस्ते होते, आणि कडेला ती उभी होती: डोक्यावर लाल पाटी, दारावर फोन नंबर, मूळच्या रंगावर दुसराच रंग. दिव्यांची कडी मात्र पांढरीच. शाळा चालवणारी बाई, जिला सगळे मास्तरीण म्हणत, पुढे आली. पत्रबाईने तिला सगळं थोडक्यात सांगितलं.

मोजणीदारांनी काठी पत्रबाईच्या हातात दिली आणि गाडीभोवती हाताने चाचपत एक पूर्ण फेरी मारली. मागच्या उजव्या दाराच्या मुठीखाली एक पोचा होता, तिथे त्यांचा हात थांबला. "हा तिने पाडला होता," ते म्हणाले. तिने म्हणजे बायकोने, हे कोणालाच सांगावं लागलं नाही.

"बसा ना आजोबा," मास्तरीण म्हणाली. "एक चक्कर मारून आणते."

"पुढे नको." ते मागचं दार उघडून आत सरकले. "बाई, तुम्ही बसा पुढे. स्टेअरिंगला."

"मला येत नाही."

"शाळाच आहे ही."

म्हणून वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पत्रबाई पहिल्यांदा स्टेअरिंगमागे बसली. बाजूला मास्तरीण, तिच्या पायाशी जास्तीचा ब्रेक. गाडी दोनदा आचका देऊन बंद पडली. तिसऱ्यांदा ती हलली, आणि पत्रबाईचा श्वास असा अडकला की मास्तरणीला सांगावं लागलं, "श्वास घ्या, ताई, पेट्रोल लागत नाही त्याला." मैदानाच्या टोकाला गाडी थांबली तेव्हा मोजणीदार म्हणाले, "एकशे चाळीस मीटर. त्यातले साठ सरळ."

परतताना रिक्षात ते म्हणाले, "आता माझ्याजवळ लिहायला काही उरलं नाही. बघून झालं."

"मग मी लिहीन," पत्रबाई म्हणाली.

ती दर मंगळवारी आणि शुक्रवारी शिकायला जाऊ लागली. घरी आल्यावर पत्र. आज चढावर गाडी मागे गेली, मास्तरीण ओरडली नाही, नुसती खिडकीबाहेर बघत बसली. आज मोठ्या रस्त्यावर नेलं, ट्रकवाल्याने हात दाखवून आधी जाऊ दिलं, मी त्याला नमस्कार केला आणि स्टेअरिंग सुटलं. शेजारची नर्स मोजणीदारांना पत्रं वाचून दाखवायची आणि ते सांगतील ते उत्तर लिहून पाठवायची. उत्तरं छोटी असत. 'आरशात जास्त बघू नका. मागचं मागे राहतं.' एका पत्रात नर्सने स्वतःहून लिहिलं होतं, 'आजोबा हे पत्र दोनदा वाचायला लावतात.'

हे पाच महिने चाललं. मग एके दिवशी नर्सच्या अक्षरात चारच ओळी आल्या. मोजणीदार पडले होते, मोठंसं काही नाही, पण मुलगी येऊन त्यांना आपल्या शहरी घेऊन गेली. घर बंद आहे. खाली पत्ता होता. पत्रबाईने त्या पत्त्यावर तीन पत्रं पाठवली. तिसऱ्याला मुलीचं उत्तर आलं, सभ्य आणि घाईत लिहिलेलं. बाबा बरे आहेत. फारसं बोलत नाहीत. तुमची पत्रं सवड मिळेल तशी वाचून दाखवते. त्यांची गाडी आम्ही कधीच विकली आहे, तरी कृपया गैरसमज नसावा.

परीक्षेत पत्रबाई पहिल्यांदा नापास झाली. रिव्हर्स घेताना दगड पडला. दुसऱ्यांदा पास झाली. परीक्षा घेणारा तिच्या कागदावरचं वय बघून म्हणाला, "आता कोणती गाडी घेणार?" आणि उत्तराची वाट न बघता त्याने पुढचं नाव पुकारलं. मास्तरणीने तिच्याशी हात मिळवला. "झालं, ताई. आता तुम्हाला यायची गरज नाही."

हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. पत्रबाई जरा वेळ मैदानाच्या कडेला उभी राहिली. मग म्हणाली, "मला एक तास गाडी द्याल? एकटीला?"

मास्तरणीने तिच्याकडे नीट पाहिलं, डोक्यावरची लाल पाटी काढून बाजूला ठेवली आणि किल्ली दिली.

पत्रबाई नदीच्या कडेकडेने गेली. शेजारी कोणी नव्हतं, मागे कोणी नव्हतं. पंधरा मिनिटांवर एक रुंद जागा लागली, तिथे तिने गाडी थांबवून इंजिन बंद केलं. ती आत्ता कुठे आहे हे जगात कोणालाही ठाऊक नव्हतं. तिला आधी भीती वाटली. मग भीती गेली आणि जे उरलं ते ओळखीचं होतं, घरात शिरताना असतं तेच, फक्त इथे लावायला रेडिओ नव्हता. तिने तो नसू दिला. तापलेलं इंजिन टिकटिक करत निवत होतं, ते ती ऐकत बसली. नदीवर एक माणूस चादरी धूत होता. त्याने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला.

तास संपायच्या चार मिनिटं आधी तिने गाडी मैदानात आणून लावली, आणि संध्याकाळ व्हायच्या आत पत्र लिहायला घेतलं. उत्तर येणार नाही, आणि वाचून दाखवायला मुलीला सवड होईल की नाही कोण जाणे, हे तिने स्वतःला सांगून टाकलं होतं. तरी पहिल्यांदाच मायना लिहिताना तिचा हात अडला नाही. मैदानाच्या फाटकापासून नदीकाठच्या त्या जागेपर्यंत सात किलोमीटर दोनशे मीटर, असं तिने लिहिलं, आणि वाटेत दोन ठिकाणी रस्ता कसा वळतो ते सविस्तर सांगू लागली.